रोहिणी माथ्यावर येते तेव्हा...

आमच्या गावाकडच्या घरात मे महिन्याच्या अखेरीला भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे एक छोटीशी सभा भरायची. रोहिणी कधी निघते, मृग कधी लागतो, त्याचे वाहन काय, याची चौकशी व्हायची. वाहन बेडूक किंवा म्हैस निघाले की सगळ्यांचे चेहरे खुलायचे. रोहिणीवर धूळवाफेचे भात पेरायचे, मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसायचे, पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' म्हणायचे आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा'. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा. भोगावतीच्या काठच्या आमच्या गावात नक्षत्रे अशी घरातल्या माणसांसारखी वावरत. त्यांची नावे कुणाला शिकवावी लागत नसत.

मी मात्र पन्नाशी ओलांडेपर्यंत यातले एकही नक्षत्र डोळ्यांनी ओळखलेले नव्हते.

हे उघडकीला आले ते २०२४ च्या दिवाळीनंतर. आबा, म्हणजे माझे वडील, वय वर्षे ८२, डोळ्यांच्या उपचारांसाठी कोल्हापुरात आमच्याकडे राहायला आले. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या डोळ्यात काचबिंदू निघाला. त्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपायची, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. आबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. पट्टी निघाल्यावर एके रात्री जेवण करून ते राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर आले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रोहिणी कंची रं ह्यातली? जलमभर तिच्यावर भात पेरलं. तू शिकलेला हाईस, दाव की."

मला दाखवता येईना. आकाशात दहा-वीस चांदण्या होत्या आणि मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या एका 'उद्या'साठी पुढचे सहा महिने मी गच्चीवर काढले.

परक्या नकाशाची फजिती

जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मी पूर्वी कधीतरी एक इंग्रजी तारकासंग्रह घेतला होता. तो शोधून काढला. बारा महिन्यांचे बारा गोल नकाशे, काळ्यावर पांढरे ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. वाटले, झाले काम! रस्त्याचा नकाशा वाचता येतो, तर हा का येऊ नये?

पहिल्याच रात्री दोन अपघात झाले. नकाशात ध्रुवतारा क्षितिज आणि माथा यांच्या बराच वर, जवळजवळ मध्यावर दाखवलेला होता. मी उत्तरेला तोंड करून तिथे शोधू लागलो. शिवाय ध्रुव म्हणजे अढळ, म्हणजे सगळ्यांत तेजस्वी, अशी लहानपणापासूनची समजूत. त्या जागी तसा तारा नव्हताच. दुसरा अपघात दिशांचा. नकाशावर उत्तर वर, दक्षिण खाली, पण पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे! मला वाटले, छापखान्याची चूक.

दोन्ही ठिकाणी चूक माझी होती. तो नकाशा उत्तर युरोपातल्या वाचकांसाठी, सुमारे पन्नास अंश अक्षांशासाठी केलेला होता. ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर दिसणार, हे आपण कुठल्या अक्षांशावर उभे आहोत त्यावर ठरते. विषुववृत्तावर तो क्षितिजालगत असतो, उत्तर ध्रुवावर थेट डोक्यावर. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश. म्हणजे आपल्याकडे ध्रुव जेमतेम सतरा अंशांवर, समोरच्या चार मजली इमारतीने सहज झाकला जाईल इतका खाली. आणि तेजाच्या बाबतीत म्हणाल तर तो दुसऱ्या प्रतीचा तारा. त्याच्याहून तेजस्वी तारे आकाशात चाळीसच्या वर आहेत. त्याचा मान तेजामुळे नाही. सगळे फिरत असताना तो जवळपास जागच्या जागी राहतो, म्हणून आहे.

दिशांचे कोडे माझ्या नववीतल्या मुलीने सोडवले. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतले, उलटे धरून डोक्यावर नेले, 'उत्तर' हा शब्द उत्तरेकडे केला आणि म्हणाली, "आता बघा बाबा, पूर्व पूर्वेलाच आली." जमिनीचा नकाशा आपण खाली बघून वाचतो, आकाशाचा वर बघून. छताला चिकटवायचा कागद टेबलावर ठेवून वाचला तर डावे-उजवे उलटणारच. एवढी साधी गोष्ट, पण ती कळली नाही तर माणूस पहिल्या रात्रीच पुस्तक मिटून खाली जातो.

आबांचे आकाश

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आबांना मोठ्या आत्मविश्वासाने वर घेऊन गेलो. पूर्वेला एक ठसठशीत, पिवळसर पांढरा तारा चमकत होता. नकाशात रोहिणीचा ठिपका साधारण तिथेच होता. "ही बघा आबा, रोहिणी," मी म्हणालो.

आबांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्याने निरखून पाहिले. "आरं, ही चांदणी गेल्या साली तितं नव्हती," ते म्हणाले. "आन् ही लुकलुकत बी न्हाई. तिकांड्याच्या वरल्या अंगाला एक तांबूस चांदणी असतीया, ती बग तितं. ही कोण नवी पाव्हणी आली?"

मी थक्क झालो. ती पाहुणी म्हणजे गुरू ग्रह. त्या डिसेंबरात गुरू वृषभ राशीत, रोहिणीच्या शेजारीच मुक्कामाला होता. तारकासंग्रहात ग्रह छापलेले नसतात, कारण ते जागा बदलत राहतात. गुरूला आकाशाची एक फेरी पुरी करायला जवळजवळ बारा वर्षे लागतात, म्हणजे तो साधारण वर्षाला एक रास ओलांडतो. आबांना हे काही माहीत नव्हते. पण उसाला रात्रीचे पाणी पाजण्यात त्यांची पन्नास वर्षे गेली होती. आधी मोट, मग इंजिन, मग विजेची मोटर. हातात घड्याळ नसलेल्या काळात पाण्याची पाळी चांदण्यांवर ठरायची. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना ते 'तिकांडं' म्हणत. तिकांडं कासराभर वर आले की एकाची पाळी संपली, माथ्यावरून कलले की दुसऱ्याची. सप्तर्षींना ते 'बाज' म्हणत: चार ताऱ्यांची बाज आणि ती पळवून नेणारे तीन चोर.

"ती तांबूस चांदणी म्हणजेच रोहिणी, आबा," मी नकाशा ताडून पाहिला आणि म्हणालो.

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे जलमभर बगितलीया की मी तिला."

त्यांच्याकडे नक्षत्रांची नावे होती आणि चांदण्याही होत्या. नावे कॅलेंडरातून आलेली, चांदण्या शेतातल्या रात्रींतून. दोन्हींची गाठ कुणी घालून दिलेली नव्हती. माझ्याकडे नकाशा होता, पण चांदण्या नव्हत्या. आणि ज्या डोळ्यांनी त्या पन्नास वर्षे पाहिल्या, त्यांतला एक आता हळूहळू मावळत चालला होता. त्या रात्री मुलीने एक वही केली. डाव्या रकान्यात नकाशातले नाव, उजव्या रकान्यात आजोबांचे नाव. पहिली ओळ तिने लिहिली: मृगातले तीन तारे – तिकांडं.

नकाशा वाचायचा कसा?

ज्यांना हा नाद लावून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी आमच्या धडपडीतून निघालेल्या चार गोष्टी सांगतो.

गोल नकाशाचा काठ म्हणजे क्षितिज आणि मध्यबिंदू म्हणजे आपला माथा. ज्या दिशेला तोंड करून आपण उभे असू, ती दिशा खाली येईल असा नकाशा समोर धरायचा. मग काठाजवळचे तारे समोर क्षितिजालगत आणि मध्याकडचे तारे डोक्याकडे सापडतात. नकाशा आपल्या अक्षांशाचा, निदान महाराष्ट्रासाठी केलेला असावा. तो कोणत्या महिन्याच्या किती वाजताचा आहे, हेही पाहावे. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. म्हणजे पंधरा दिवसांत एक तास, महिन्यात दोन तास. जानेवारीत रात्री दहाला जे आकाश दिसते तेच फेब्रुवारीत आठला दिसते. हे एक गणित लक्षात ठेवले की बारा नकाशांवर वर्षभराचे काम भागते.

ठिपक्यांचे लहान-मोठेपण म्हणजे ताऱ्याचे तेज. त्याला 'प्रत' म्हणतात. ही वर्गवारी ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कसपासून चालत आली असे मानतात. पहिली प्रत तेजस्वी, सहावी नुसत्या डोळ्यांना कशीबशी दिसणारी. आजच्या मापाने पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून शंभर पट तेजस्वी असतो. शहरातल्या दिव्यांत तिसऱ्या-चौथ्या प्रतीपलीकडचे तारे सहसा हरवतात. म्हणून नकाशात शंभर ठिपके आणि गच्चीवरून वीसच, असे झाले तर घाबरू नये. उलट शिकाऊ माणसाला शहराचे आकाश सोपे जाते, कारण मोठे तारे तेवढे शिल्लक राहतात.

माझी सर्वांत मोठी चूक आकाराची होती. कागदावर मृग दोन बोटांत मावतो, म्हणून आकाशातही मी तेवढाच शोधत होतो. मोजपट्टी आपल्या हातात असते. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश व्यापते, करंगळीची रुंदी सुमारे एक अंश. मृगाचा वरचा तांबूस तारा काक्षी आणि खालचा निळसर पांढरा राजन्य यांच्यात जवळजवळ दोन मुठींचे अंतर आहे. ध्रुव कोल्हापुरातून क्षितिजाच्या वर दीड मुठीहून थोडा अधिक. आकाश तासाला पंधरा अंश सरकते, म्हणजे दीड मूठ. आबांचे 'कासराभर' आणि माझी मूठ यांचा मेळ आम्ही एका रात्री घालून पाहिला, तेव्हा त्यांना भारी गंमत वाटली.

चौथी गोष्ट अंधाराची. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की ते सगळे वाया जाते. मोबाइलमध्ये आकाश दाखवणारे नकाशे आता फुकट मिळतात. खात्री करून घ्यायला ते उत्तम. पण सतत त्यांच्यातच पाहिले तर नाव कळते आणि तारा लक्षात राहत नाही. आम्ही विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधला. तांबड्या उजेडात नकाशा दिसतो आणि डोळ्यांचा सराव मोडत नाही.

सुरुवात मात्र एकाच नक्षत्रापासून करावी. हिवाळ्यात मृग हा सर्वांत चांगला गुरू. तिकांड्याची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध भेटतो. तीच रेघ वर वायव्येकडे वाढवली की रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. उन्हाळ्यात ही जागा सप्तर्षी घेतात. पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ क्रतूच्या दिशेने पाचपट वाढवली की ध्रुव. शेपटीच्या तीन ताऱ्यांची कमान तशीच पुढे नेली की स्वाती आणि मग चित्रा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अंधूक अरुंधती. लग्नात भटजी जी दाखवतात आणि वधू-वर जिच्याकडे न पाहताच मान हलवतात, ती हीच. एका ओळखीच्या घरातून पुढच्या घरी जावे, तसे हे चालते.

मिरगात मिरग का दिसत नाही?

आबांचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "मिरगात मिरग दिसत न्हाई, हे मला ठावं हाय. पन का?"

७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र 'लागते', म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. सूर्य जिथे आहे तिथले तारे दिवसा आकाशात असतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. ढग नसते, तरी जूनमध्ये मृग दिसला नसताच. तो पाहायचा तर सूर्य समोरच्या बाजूला जाईपर्यंत, म्हणजे सहा महिने थांबायचे. मार्गशीर्षात सूर्य मावळायच्या सुमाराला पूर्वेला मृग उगवतो. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाच्या आसपास असतो, म्हणून तर महिन्याचे नाव मार्गशीर्ष. चैत्राला चित्रा, वैशाखाला विशाखा, कार्तिकाला कृत्तिका. मराठी महिन्यांची नावे म्हणजे पाठ करून ठेवलेला तारकानकाशाच आहे.

मुलीने हे सगळे गच्चीवर विजेरी, खुर्ची आणि चार कुंड्या घेऊन समजावले. विजेरी सूर्य झाली, कुंड्या नक्षत्रे आणि आजोबा पृथ्वी. आबांना खुर्चीसकट फेरी मारावी लागली. विजेरीच्या मागची कुंडी डोळे दिपल्याने दिसेना, तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हंजे मिरग पाऊस पाडत न्हाई, सूर्याच्या मागं दडून बसतुया."

इथे एक फरक सांगायला हवा. चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी करायला सुमारे सव्वासत्तावीस दिवस लागतात. त्याच्या वाटेचे २७ भाग ही आपली नक्षत्रे. त्याच वाटेचे बारा भाग म्हणजे राशी. म्हणून सव्वादोन नक्षत्रांची एक रास होते. पण ही वाट म्हणजे आकाशातला एक पट्टा. सप्तर्षी, शर्मिष्ठा, त्रिशंकू त्यात येत नाहीत. सबंध आकाशासाठी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने १९२२ मध्ये ८८ तारकासमूह मान्य केले. आजचे छापील नकाशे त्यांच्यावर बेतलेले असतात.

आणि हे सगळे स्थिरही नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो. त्यामुळे मृग लागण्याची तारीख साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. याच सरकण्याचा धागा धरून लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला आणि वसंतसंपात मृगात होता त्या काळापर्यंत वेदांचे वय मागे नेले. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केला असे नाही. पण ज्या तिकांड्यावर आमच्या गावची पाण्याची पाळी चालायची, त्याच मृगावरून विद्वानांत वाद झडले, ही गोष्ट मला मोठी लोभस वाटते. त्याच पिढीतल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'ज्योतिर्विलास' लिहून सामान्य मराठी वाचकाला आकाश दाखवले. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला.

कोल्हापूरचे आकाश

नकाशा कळू लागला तशी एक मजा ध्यानात आली. पुस्तकातले आकाश सगळ्यांचे असते, पण प्रत्येक गावाच्या माथ्यावरचे तारे त्या गावाचे असतात. रोहिणी खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १६.५ अंशांवर आहे. कोल्हापूरचा अक्षांश १६.७. म्हणजे रोहिणी आपल्या अगदी डोक्यावरून जाते, फरक पाव अंशाहूनही कमी. ज्या नक्षत्रावर इथला शेतकरी भात पेरतो, ते नक्षत्र इथल्या माथ्यावरून रोज प्रवास करते.

आता व्याध पाहा. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला १६.७ अंशांवर. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव सगळ्यांना माहीत आहे: ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळत्या सूर्याची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातात. वर्षातून दोनदा का? तर २१-२२ डिसेंबरच्या आधी आणि नंतर साधारण तेवढ्याच दिवसांनी सूर्य दक्षिणेला त्याच सतरा अंशांवर असतो. व्याध जवळजवळ त्याच जागी कायमचा आहे. तेव्हा किरणोत्सवाचा सूर्य ज्या वाटेने मावळतो, साधारण त्याच वाटेने व्याध रोज मावळतो. मेच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास हे पाहता येते.

तिसरी जागा खिद्रापूरची. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि मधोमध उघडा गोल झरोका. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या झरोक्याच्या वर येतो, म्हणून लोक गर्दी करतात. तारकानकाशा हाती असेल तर याचे कारण कळते. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिका-रोहिणीच्या पट्ट्यात असतो आणि हाच पट्टा आपल्या माथ्यावरून जातो. चंद्राची वाट थोडी वर-खाली होत असल्याने दरवर्षी तो अगदी नेमक्या बिंदूवर येत नाही, पण आसपास असतोच.

दक्षिणेची संपत्तीही आपल्याकडे आहे. लंडनकरांना जो कधीच दिसत नाही तो अगस्त्य आपल्या दक्षिण क्षितिजावर वीस अंश वर येतो. मे महिन्याच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी आणि दक्षिणेला क्षितिजाजवळ त्रिशंकू, असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. उलट सप्तर्षी लंडनला कधी मावळत नाहीत, आपल्याकडे पार मावळतात. म्हणून हिवाळ्याच्या संध्याकाळी ध्रुव शोधायला शर्मिष्ठेची मदत घ्यावी लागते.

या गावाने आकाशाला माणसेही दिली. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. त्यांचे वडील, गणितज्ञ विष्णू वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचेच. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर जयंतरावांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या 'आयुका'चे ते संस्थापक संचालक झाले आणि मराठीत विज्ञानकथा लिहून त्यांनी घराघरांत आकाश नेले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा आमच्या वहीचे पहिले पान त्यांच्या नावाने सुरू करायचे मुलीने ठरवले.

शेतातली रात्र

३१ जानेवारी २०२५. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. आबांनी हट्टच धरला, की रोहिणी माथ्यावर आलेली शेतातून बघायची. आम्ही संध्याकाळी गावी गेलो. मावळतीला शुक्र आणि त्याच्याजवळ चंद्राची बारीक कोर. दूर कुठेतरी गुऱ्हाळाचा धूर. खोडव्याच्या बांधावर घोंगडे अंथरले आणि तिघेही उताणे पडलो. विजेची पाळी रात्री उशिराची होती. त्यामुळे मोटर बंद, सगळे निवांत.

साडेआठच्या सुमारास रोहिणी बरोबर नाकासमोर आली, म्हणजे उताण्या माणसाच्या नाकासमोर. तिच्या शेजारी पाच अंशांवर गुरू. पूर्वेकडे पुनर्वसूजवळ तांबडा मंगळ. खाली तिकांडं, त्याखाली व्याध. नकाशाचा मध्यबिंदू आणि आमचा माथा एक झाले होते. लाल विजेरीची गरज उरली नव्हती.

मुलीने कृत्तिका मोजल्या. तिला सहा दिसल्या, मला चष्म्यातून पाच. आबांनी ऑपरेशनचा डोळा झाकला आणि दुसऱ्या डोळ्याने वर पाहिले. "ह्या डोळ्यानं त्यो गुरूच तेवढा दिसतुय," ते म्हणाले. मग डोळा बदलला. "आता हाय समदं."

मी त्यांना सांगितले, की रोहिणीचा आत्ता दिसणारा प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे ६५ वर्षे झाली. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हंजे मी सतरा वरसांचा आसंन. मोट हाकत हुतो हितंच." थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या वहीत नीट लिव्हा सगळं. बाज, तिकांडं, समदं. मला इचारून घ्या, तवर हाय तवर."

त्या रात्री मुलीने वहीची चार पाने भरली. काही नावे माझ्या नकाशात बसली, काही अजून बसलेली नाहीत. ती शोधायची म्हणून आम्ही पावसाळा संपायची वाट पाहतो. जून ते सप्टेंबर हे महिने आपल्या भागात ढगांचे. आकाश पाहायचे दिवस म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे. गच्चीवर दिवे फार असतील तर पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, गगनबावडा, राधानगरीचा परिसर फार लांब नाही. दुर्बीण विकत घेण्याची घाई नको. एक नकाशा, एक लाल विजेरी, अंथरायला घोंगडे आणि थंडी असेल तर कानटोपी, एवढे पहिल्या वर्षाला पुरे.

आणि घरात कुणी वडीलधारे असेल, रात्रीच्या पाण्याला गेलेले, पायी वारी केलेले, समुद्रावर होडी घातलेले, तर नकाशाच्या आधी त्यांना वर घेऊन जा. त्यांना चांदण्यांची पुस्तकातली नावे कदाचित येणार नाहीत. पण कोणती चांदणी गेल्या वर्षी तिथे नव्हती, हे ते सांगतील.